फाडून टाकायचं पान

"पुसलंत कशाला?"

"पुसलं नाही, खदिजाताई. व्हाइट इंक लावली. संपादकाला एवढा हक्क असतो."

"शाई सांडली असती तर लावायची. माझ्या सबंध वाक्याला लावलीत."

"वाक्यच नको होतं. 'मागच्या अंकात मी चुकले.' हे आरोग्याचं पान आहे की कोर्टातला जबाब?"

"जबाब बरा," चहाचे कप टेबलावर ठेवत शुभदा म्हणाली. "तिथे निदान शपथ घेऊन खरं बोलतात."

गुरुप्रसादने बायकोकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसायला घेतला. बहारीनमधल्या जुफैरच्या त्या फ्लॅटमध्ये दर तीन महिन्यांनी एका शुक्रवारी मराठी मंडळाचा अंक जुळायचा. पानं हाताने लिहिलेली असायची. गुरुप्रसाद ती शनिवारी आपल्या ऑफिसच्या झेरॉक्स मशीनवर काढून आणायचा. त्यातलं शेवटचं पान खदिजा परकारचं. गेली चार वर्षं लोक अंक मागून उघडायचे, ते तिच्यामुळे.

खदिजा डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. हर्णैच्या मचव्यावरच्या तांडेलाची मुलगी, मराठी सातवी पास. एकोणऐंशी साली नवऱ्यामागून, कमालमागून बहारीनला आली आणि अदलियातल्या एका दवाखान्यात जखमा बांधायच्या कामाला लागली. तिथले म्हातारे डॉक्टर निवृत्त होऊन निघाले, तेव्हा पुस्तकांचं एक खोकं कचऱ्यात टाकायला म्हणून तिच्या हाती दिलं. ती ते घरी घेऊन आली.

त्यातलं एक पुस्तक दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वीचं होतं. लेखकाच्या नावाचं पान वाळवीने खाल्लेलं. कुणी एक गोरा डॉक्टर, आणि त्याने लिहिलं होतं कुणासाठी? तर जिच्या घरापासून वैद्य दोन दिवसांच्या वाटेवर आहे, अशा आईसाठी. खदिजाने डिक्शनरी मांडीवर घेऊन वर्षभर ते वाचलं. अडलं की लेक लाईबाला विचारायचं. लाईबा इंग्रजीत समजावायची, ही मराठीत भांडायची.

"बघ गो, डोकं दुखलं तरी जळवा लाव म्हणतो. पोट दुखलं तरी जळवाच," असं म्हणत ती हसायची. पण त्याची सांगण्याची रीत तिला आवडली. अमुक इतकं घ्या, असं हलवा, असं पाजा, आणि असं का, तेही पुढच्याच ओळीत. त्याच रीतीने ती आपलं पान लिहायला लागली. उन्हाचा झटका, पायाच्या भेगा, डोळ्यात गेलेलं सिमेंट. सनद गावातल्या मजुरांच्या कॅम्पमधली माणसं ते पान खोलीच्या पत्र्याला चिकटवून ठेवायची.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात तिने जुलाबांवर लिहिलं. लिटरभर पाणी उकळून गार करा, त्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. बरोबर होतं. दवाखान्यातल्या तक्त्यावरही तेच होतं.

आणि पुढचा अंक जुळायच्या आठवड्यातच तुकाराम दवाखान्यात येऊन उभा राहिला. खेडकडचा, शटरिंगचा सुतार. दोन दिवस हॉस्पिटलात सलाईनवर राहून आलेला, गालफडं बसलेली.

"बाय, कागदात लिवलाव तसाच केला मी. साखर, मीठ, समदा मोजून. तरी उलट्या थांबत नव्हत्या."

"पाणी उकळवलंस?"

"लय उकळवला. अर्धा आटवला. म्हटला, जास्त चांगला."

"कुठलं पाणी?"

"नळाचा. उकळायचाच हाय, तर कूलरचा गोडा पानी कशाला नासवू?"

खदिजा त्याच दिवशी कमालला घेऊन सनदला गेली. माणसं कामावर होती, खोल्यांना कुलपं. कॅम्पच्या नळाखाली तिने ओंजळ धरली आणि तोंडाला लावली. खारट. आंघोळीला, भांड्यांना ठीक. ते आटवून आणखी खारट केलेलं, वर तिचं अर्धा चमचा मीठ. तुकारामने उलटी केली नसती तरच नवल. पंधरा वर्षं ती स्वतःच्या घरात कॅनमधलं गोडं पाणी ओतत होती. हाताला सवय, म्हणून लिहिताना 'गोडं' हा शब्दच सुचला नाही.

त्या रात्री तिला त्या जुन्या पुस्तकातली एक चिठ्ठी आठवली. मुखपृष्ठाच्या आत चिकटवलेली, दुसऱ्या आवृत्तीची. डॉक्टरने लिहिलं होतं: पहिल्या छपाईत तापलेल्या लहान मुलांचं रक्त काढा असं मी सांगितलं. त्यानंतर मी तीन मुलं दगावताना पाहिली. ज्यांच्याकडे जुनं पुस्तक आहे त्यांनी ते पान फाडून टाकावं.

तसंच वाक्य तिने आपल्या पानाच्या माथ्यावर लिहिलं होतं. आपल्या चुकीसह, आपल्या नावासह. आणि त्यावर आता गुरुप्रसादची पांढरी शाई सुकत होती.

"ताई, नीट ऐका," तो आता समजुतीच्या सुरात आला. "खाली मी लिहिलंच आहे, गोडं पाणी वापरा म्हणून. काम झालं. चूक कशाला मिरवायची?"

"आणि पत्र्याला चिकटवलंय ते? ते कोण काढणार? नवं पान त्याच्या शेजारी लागेल. ज्याला जे हाताला लागेल ते तो वाचेल."

"तुमच्या दवाखान्यात कळलं तर? डॉक्टर नसताना औषधं सांगता म्हणून व्हिसा रद्द करतील."

"करतील," खदिजा म्हणाली. "मॅनेजरला मी काल सांगितलं. ते म्हणाले, बघू."

शुभदाचा कप ओठांशीच थांबला. "तुम्ही स्वतः जाऊन सांगितलंत?"

"दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा बरं."

"माझ्या मशीनवर हे पान निघणार नाही," गुरुप्रसाद म्हणाला. "मंडळाचं नाव आहे त्यावर."

"मंडळाचं नाव कापते मग. अदलियाच्या कोपऱ्यावर मशीन आहे, पाच वाजता उघडतं."

शुभदाने कात्री पुढे सरकवली.

खदिजाने मंडळाच्या नावाची वरची पट्टी सरळ कापली, टेबलावर ठेवली. मग पर्समधून पेन काढलं आणि सुकलेल्या पांढऱ्यावर पुन्हा लिहायला घेतलं. पेन अडखळत होतं, शाई धरत नव्हती. तिने प्रत्येक अक्षर दोनदा गिरवलं. आधीपेक्षा ठळक झालं.

खालून कमालच्या गाडीचा हॉर्न आला. सनदची माणसं मगरीबला, दिवस बुडताना, खोल्यांबाहेर बसतात. त्याआधी पोचायचं होतं. जुनी पानं पत्र्यावरून तिला आपल्या हाताने काढायची होती.

"एकच सांगा," गुरुप्रसाद उभा राहिला. त्याच्या आवाजात आता राग नव्हता. "हे वाचल्यावर लोकांनी तुमच्यावर भरवसाच ठेवला नाही, तर? तुमचं पान कुणी वाचलंच नाही, तर काय कराल?"

खदिजाने पान फाइलमध्ये सरकवलं. दाराशी सपाता पायात घातल्या, ओढणी सावरली आणि जिना उतरायला लागली.