तुकडा ठेवून घेणारा

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी नि माझी बायको लालबागच्या आमच्या खोलीबाहेर करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलत बसलो होतो. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं साधं काम. तिच्या मेंदूत गाठ होती.

त्या गाठीचा तुकडा आम्हाला विचारून अभ्यासाला ठेवून घेतला तो परळच्या लॅबमधल्या माणसाने. पुढे तपासणीला गेलो की भेटायचा. बोलताना नजर माझ्या खांद्यावरून मागे, नि तोंडात सारखं "तसं नाही काका". मला तो कधी सरळ वाटलाच नाही.

"गाठ काढली ना? मग परत कशी आली?" ती पुन्हा वाढल्याचं कळलं तेव्हा मी त्याला विचारलं.

"तसं नाही काका. त्या पेशी एकमेकींना रसायनांनी इशारे देतात नि चांगल्या मेंदूत सरकतात. कापायच्या आधीच काही निघून गेलेल्या असतात. तो इशारा कसा तोडायचा, तेच शोधतोय."

तुकड्यांचा धंदा करत असेल, मी मनात म्हटलं.

ती गेली. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. मेव्हणा म्हणाला, "भावजी, ताईचं काहीतरी मागे राहिलंय." मला लगेच तो माणूस आठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याच्या दारात उभा राहिलो. "तुकडा परत दे."

"तुम्ही म्हणाल तर आजच नष्ट करतो. पेशी अजून जिवंत आहेत. अंगाइतक्या उबेत ठेवल्यात."

"माझ्या बायकोला मारलं त्यांनी. त्यांना ऊब देतोस?"

"त्या जगल्या नाहीत, तर त्यांना अडवायचं कसं ते कळणार कसं, काका?"

त्याच्यावर विश्वास बसला असं नाही. तरी म्हटलं, "ठेव. पण त्यांना मारशील त्या दिवशी मला बोलव."