चार थेंबांचा कागद

दिनू गेल्याचा फोन आला तेव्हा मी भाजी आणायला निघालो होतो, गाडीतच बसलो होतो. त्याच्या गॅरेजशेजारचा वेल्डिंगवाला बोलत होता. "मास्तर, दिनूमिस्त्री गेला की ओ... बॉनेटावर वाकलेला, तसाच खाली बसला." मी गाडी बंद केली. रडू आलं नाही. पहिला विचार आला तो असा, की त्याला सांगायचं राहिलं. आणि लगेच दुसरा, की आता सांगायची गरजही राहिली नाही. या दुसऱ्या विचाराची मला लाज वाटते, म्हणून हे लिहितो आहे.

दिनू माझा मुरगूडचा वर्गमित्र. मी शिक्षक होऊन कोल्हापुरात आलो, तो उद्यमनगरात मिस्त्री झाला. माझ्या वहीत बघून गणितात पास झालेला हा गडी गाडीच्या बाबतीत मात्र मला ढ समजायचा, आणि ते बरोबरच होतं. निवृत्तीच्या सुमारास माझा डावा गुडघा कुरकुरायला लागला, क्लच दाबवेना, म्हणून मी एक जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. दर खंडेनवमीला ती त्याच्याकडे न्यायची. हार घालून, नारळ फोडून झाला की तो इंजिन चालू ठेवून गिअरबॉक्समधली तेल मोजायची पट्टी बाहेर ओढायचा, आधी नाकाशी धरायचा, मग दर वर्षी त्याच एका पांढऱ्या कागदावर एक थेंब टेकवायचा, खाली शेरा लिहायचा आणि कागद माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायचा. पहिल्या वर्षीचा थेंब कुंकवासारखा लाल, शेरा 'झकास'. दुसऱ्या वर्षी विटकरी, 'चालतंय'. तिसऱ्या वर्षी कोऱ्या चहासारखा, आणि खाली 'आता बदल'.

मी बदललं नाही. गाडीच्या पुस्तिकेत हे तेल जन्मभर चालतं असं छापलेलं होतं, आणि मी पडलो छापील शब्दावर पोट भरलेला माणूस. "पुस्तक लिवणारा तुझी गाडी घिऊन गगनबावड्याचा घाट चढलाय व्हय रं?" दिनू म्हणाला. मी ते हसण्यावारी नेलं. चौथ्या खंडेनवमीला थेंब काळा पडला, करपल्याचा वास मला लांबून आला. नेमका त्याच आठवड्यात मी मोबाइलवर तेल बदलण्याचा एक व्हिडिओ पाहिला होता. म्हटलं, बदलून टाक. तर दिनूने शेरा लिहिला, 'आता नको'. "येळ गेली, मास्तर. आतल्या चकत्या झिजल्यात. ह्या घाण तेलानंच त्या एकमेकीला धरून हायत. नवं तेल पडलं की घसरणार. चालतीया तवर चालव, हात लावू नगंस." मला वाटलं, याला येत नाही म्हणून टाळतोय. तसं मी बोललोही... वर "गाडी माझी आहे, तू बदल" असं वर्गात पोरांना दटावतात तशा आवाजात सुनावलं. त्याने पाना उचलला आणि तेल बदलून दिलं.

पंधरा दिवसांत गाडी चढाला नुसतीच गुरगुरायला लागली, जागची हलेना. गिअरबॉक्स दुसरीकडे उतरवून दुरुस्त करावा लागला. आणि सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत मी सांगत सुटलो, "दिनू माणूस चांगला, पण ऑटोमॅटिकमधलं त्याला कळत नाही." त्या कागदाबद्दल अवाक्षर काढलं नाही. एकदा त्यांच्यातल्याच एकाने माझ्यादेखत टपरीवर दिनूला विचारलं, "मास्तरांच्या गाडीचं काय करून ठेवलंस रं?" दिनूने माझ्याकडे बघितलं. मी चहाच्या कपात बघितलं. "हात तर माझाच लागलाय न्हवं," तो म्हणाला आणि बोटं पुसत गॅरेजकडे गेला. पुढे ऑटोमॅटिक गाड्या त्याच्या दारात यायच्या बंद झाल्या. मीही खंडेनवमीला जायचा बंद झालो.

रक्षाविसर्जनाला पंचगंगेवर बरीच गर्दी होती. माझ्यापुढे दोन अनोळखी माणसं हळू आवाजात बोलत होती. "माणूस चांगला, पण आटोमॅटिकमधलं कळत नव्हतं म्हणं त्येला." माझंच वाक्य, जवळजवळ शब्दाला शब्द... तिथं तरी तोंड उघडायला हवं होतं. मी चप्पल शोधत राहिलो.

गेल्या आठवड्यात धीर करून कागद घेतला आणि दिनूच्या घरी गेलो. त्याच्या बायकोला, सुमनवहिनींना, सगळं सांगितलं. त्या उठल्या आणि कपाटातून तसलाच एक कागद काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. तेच चार थेंब, तेच शेरे, वर 'मास्तर' असं लिहिलेलं. "ह्यांनी दोन कागद केलते, भावजी. मी म्हटलं, दावा की लोकांस्नी. तर म्हणाले, ऱ्हाऊ दे. मास्तर सोताच सांगंल."

माझा कागद परत डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. चौथा थेंब अजूनही बोटाला तेलकट लागतो. काल त्याच्याखाली मी माझ्या अक्षरात लिहिलं, 'दिनूचं बरोबर होतं.' एवढ्या तीन शब्दांसाठी तो दोन खंडेनवम्या माझी वाट बघत होता.