केरीच्या पडवीतला सात मात्रांचा ताल

आज सकाळी साखळीच्या बाजारात चवथीच्या आरतीला वाजवायची घुमटं मांडली होती. तांबूस मातीच्या मडक्यांसारखी, तोंडावर अजून चामडं न चढवलेली. मी एकाला सहज टिचकी मारली. भाजलेल्या मातीचा वास आणि तो आखूड, गोल नाद एकदमच आला, आणि मी काही वर्षं मागे जाऊन उभा राहिलो.

तेव्हा मी शाळेत संगीत शिकवायचो आणि देशोदेशींच्या लोकतालांचं वेड डोक्यात शिरलं होतं. बल्गेरियातल्या एका नाचाचा ताल कानाला चिकटून बसला होता. सात मात्रा: दोन, दोन आणि तीन. त्या तीनवर तो असा रेंगाळायचा, की नाचणाऱ्याला वाटेत कुणी ओळखीचं भेटलं असावं! हा ताल आपल्या घुमटांवर का बसू नये? चार घुमटं, काठ्यांनी वाजवायचं शामेळ, झांज आणि एक व्हायोलिन अशी रचना मी लिहून काढली. चवथ संपली की पेडण्यातल्या एका देवळात ती वाजवायचं ठरलं.

घुमटांचे म्होरके होते केरीचे एक साठीचे काका. मासळीचं मोठं जाळं, रापण, ओढून ओढून तळवे इतके रुंद झालेले, की घुमट त्यांच्या हातात खेळण्यासारखं दिसायचं. आरतीला ते वाजवू लागले की माणसं गाणं विसरून ऐकत राहत. माझ्या तालात मात्र त्यांचा हात सातानंतर आठवी थाप टाकूनच थांबायचा. मी बोटांवर मोजून दाखवलं, फळ्यावर आकडे लिहिले. एका संध्याकाळी सगळ्यांदेखत म्हणालो, "काका, पुन्हा चुकलात."

त्यांनी गळ्यातलं घुमट शांतपणे उतरवलं. "मास्तर, चाळीस वर्सां देवापुढे वाजयतां. देवान केन्नाच चूक काडूंक ना." एवढं बोलून ते निघून गेले.

त्यांच्यावाचून रचना उभी राहणार नव्हती हे खरं, पण रात्रभर टोचत राहिला तो त्यांचा उतरलेला चेहरा. दुसऱ्या सकाळी स्कूटर काढून केरी गाठली. पडवीत काकी नारळ सोलत होत्या आणि काका माझ्याकडे पाठ करून बसले. मी माफी मागितली. अवघडून मी त्या तालाची हकिगत सांगायला लागलो आणि सांगता सांगता तो खांबावर वाजवू लागलो, तोंडाने मात्रा मोजत.

काकींनी नारळ खाली ठेवला. "मास्तर, तुमी मोजतात कित्याक? हाचेर तर फुगडी घालूं येता!"

पदर खोचून त्या उठल्या. दोन पावलं पुढे, दोन मागे आणि तीन पावलांत एक गिरकी. माझं सगळं गणित त्यांच्या टाचांनी सहज सोडवलं. काकांनी आधी न बघितल्यासारखं केलं. मग खुंटीवरचं घुमट काढलं आणि बायकोच्या पावलांवर नजर ठेवून वाजवू लागले. आठवी थाप आलीच नाही.

"आतां गावलो!" काका काकींकडे बोट दाखवत हसले. "मास्तर, हिका पयलीं विचारपाचें आशिल्लें."

कार्यक्रमाच्या दिवशी देवळात काकी आणि चार शेजारणी घुमटांसमोर ही नवी फुगडी घालू लागल्या. रचनेत नाच मी लिहिलाच नव्हता. व्हायोलिनचा माझा लाडका तुकडा त्यांच्या पावलांखाली पार बुडाला. वाईट वाटलं का? थोडंसं वाटलं, खोटं कशाला बोलू! पण काकांचा चेहरा बघितला आणि तेही विरून गेलं.

गेल्या चवथीला डिचोलीकडे एका घरी गेलो होतो. तिथल्या मुली फुगडी घालत होत्या. दोन, दोन आणि तीनची गिरकी, अगदी काकींचीच. मी चमकलो. "ही कुठे शिकलात गं?" मी विचारलं.

"शिकपाक कित्याक जाय?" एक जण धापा टाकत हसली. "ही आमची पुर्विल्ली फुगडी."

बल्गेरियाचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि टाळ्यांची साथ धरली. एखादी गोष्ट जुनी व्हायला शतकं लागतात अशी माझी समजूत होती. त्या घरात तिला पाच-सहा चवथी पुरल्या होत्या.