फुकटच्या नंबराला लागलेला रिचार्ज

इस्त्रीवालीने केलेला फोन समोरच्याने उचलला, की तिला खिसा कापल्यासारखं वाटे. तिचे फोन उचलण्यासाठी नसतच. एक रिंग म्हणजे कपडे तयार आहेत. दोन म्हणजे घरी आहात का, आणून देते. तीन रिंगा वाजल्या तर काहीतरी घोटाळा झाला आहे, तुम्हीच खाली या. जुन्या गिऱ्हाइकांना हे पाठ होतं. एखादा नवा भाडेकरू भाबडेपणाने फोन घेऊन ‘हॅलो’ म्हणाला, तर ती आधी त्याला दोन शब्द सुनवी आणि मग कपड्यांचं सांगे. मिस्डकॉल वहिनी हे नाव तिला असं पडलं. आता महिन्याच्या पॅकमध्ये हवं तेवढं बोलता येतं, हे रिचार्जवाल्याने तिला अनेकदा सांगून पाहिलं होतं. पण सवय जुन्या दिवसांतली होती आणि पॅकला काही ती मोडता आली नाही.

दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची जागा. लांब टेबल, त्यावर जुन्या चादरींचा जाड थर, भिंतीला टेकवलेले गठ्ठे. इस्त्री ती स्वतः करी आणि घड्या तिची सासू घाले. सासूचा एक डोळा लहानपणीच गेला होता. दुसऱ्या डोळ्यावर तिने संसार केला, पोरं वाढवली, आणि सगळ्या इमारतीचे शर्ट असे घडी केले की कॉलर ताठ मानेने बसे. त्या डोळ्यात आता मोतीबिंदू पिकला होता. दोन घरांचे मोजे ती एकमेकांत घालू लागली. गिऱ्हाइकाने तक्रार केली, तर म्हणे, “सोयरीक जुळवतेय. तुम्हाला चालत नसेल तर मोडा.” हसत म्हणे, पण मग घडी बोटांनी चाचपत बसे.

ऑपरेशन सरकारी योजनेतून होणार होतं आणि शुक्रवारची तारीखही मिळाली होती. सोमवारी इस्पितळाच्या खिडकीवर कारकुनाने कार्ड यंत्रात घातलं आणि मान हलवली. कार्डाला जोडलेला मोबाइल नंबर जुना आहे, म्हणून कार्ड अडकलंय, तो म्हणाला. कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून ज्या बाईचं नाव आहे, तिने स्वतः हेल्पलाइनला फोन करून नवा नंबर सांगायचा. गुरुवारी संध्याकाळपर्यंत झालं तर ठीक, नाहीतर डोळ्यांचे डॉक्टर पुन्हा दोन महिन्यांनी येतात. तोवर डोळा थांबेल का, असं सुनेने विचारलं. कारकुनाने पुढच्याचं कार्ड मागितलं.

कुटुंबप्रमुख तीच होती. नवरा ट्रक घेऊन आठ-आठ दिवस बाहेर असे, म्हणून कागदावरचं ते पद तिच्याकडे आलं होतं. तिने पदाला शोभेल असं केलं. हेल्पलाइनला मिस्डकॉल दिला.

म्हणजे द्यायला गेली. नंबर लावला, अंगठा लाल बटणावर तयार ठेवला, पण रिंग वाजायच्या आतच पलीकडे फोन उचलला गेला आणि एक गोड आवाज तिचं स्वागत करू लागला. तिने घाईने फोन तोडला. पैसे कापल्याचा मेसेज आला. चुकून झालं असेल, म्हणून तिने पुन्हा दिला. पुन्हा तेच. दुपारपर्यंत तिने पाच-सहा वेळा मिस्डकॉल द्यायचा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी सरकारने तत्परतेने फोन उचलला.

“असलं ऑफिस मी जन्मात पाहिलं नाही,” ती सासूला म्हणाली. “फोन उचलायला एवढी घाई, आणि उचलून कुणी बोलत नाही.”

“तू तरी कुठं बोलतेस,” सासू म्हणाली. “त्यांना काय स्वप्न पडणारे, माझ्या डोळ्याचं काम आहे म्हणून?”

तेव्हा ती रिचार्जवाल्याकडे गेली. त्याने समजावलं की असे खास नंबर पॅकमध्ये धरत नाहीत, त्यांना वेगळा बॅलन्स लागतो. कार्डाच्या मागे मोठ्या अक्षरांत ‘निःशुल्क’ छापलंय, हे तिने त्याच्या नाकासमोर धरून दाखवलं. छापणाऱ्याला जाऊन विचार, तो म्हणाला. तिने बॅलन्स भरला.

मंगळवारी तिने फोन कान आणि खांदा यांच्यात दाबला आणि कामाला लागली. नुसतं बसून वाट बघणं तिच्या अंगातच नव्हतं. भाषेसाठी एक दाबा, तक्रारीसाठी चार दाबा, मग संगीत. तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं बाई मधेमधे सांगे. बॅलन्स संपे आणि संगीत बंद पडे. बुधवारी तिसऱ्यांदा भरलेल्या बॅलन्सवर एकदाचा जिवंत माणूस आला. त्याने नाव विचारलं आणि ती एवढी दचकली की हातातली इस्त्री बँकेतल्या साहेबांच्या शर्टावर टेकली ती तिथेच राहिली. धूर दिसल्यावर तिने आधी इस्त्री उचलली. मग शर्ट झटकला. मग फोन कानाला लावला, तोवर तिकडे शांतता होती. बॅलन्स संपला होता. पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग घेऊन शर्ट टेबलावर पडला होता. साहेबांना तीन रिंगा द्याव्या लागल्या.

त्या दिवशी सासूने घडी घातली नाही. “राहू दे गं,” एवढंच म्हणाली. “एवढं जग बघून झालंय. आणखी काय उरलंय बघायचं?”

सुनेने जळका शर्ट बाजूला ठेवला. सासूने हात टेकलेले तिने याआधी पाहिले नव्हते, आणि ते तिला शर्टापेक्षा जास्त लागलं.

गुरुवारी सकाळी ती वरच्या मजल्यावर दातांच्या दवाखान्यात पांढरे कोट द्यायला गेली. तिथल्या काउंटरवरच्या मुलीने तोंड का उतरलंय म्हणून विचारलं. ऐकून घेतल्यावर मुलीने कार्ड मागितलं, डोळ्यांजवळ नेलं आणि ‘निःशुल्क’ या शब्दाखालची मुंगीएवढी ओळ वाचली: ही सवलत फक्त लँडलाइनवरून, मोबाइलला कंपनीचे दर लागतील.

“वहिनी, तुमचा मोबाइलच आडवा आलाय,” ती म्हणाली आणि काउंटरवरचा धुळकट लँडलाइन फोन तिच्यापुढे सरकवला. डॉक्टरांनी तो का ठेवला आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

तिने नंबर लावला. मुलीने स्पीकर चालू केला आणि सगळी वेटिंग रूम ते संगीत ऐकू लागली. पहिली पंधरा मिनिटं लोकांनी सहन केली. मग एक आजोबा तालावर काठी आपटू लागले. इस्त्रीवाली मात्र उभ्याउभ्या चुळबुळ करत होती. पैसे जात नव्हते तरी वेळ जात होता आणि खाली चष्म्याच्या दुकानाचे कपडे पोचवायचे होते. आत्ता आले, म्हणून ती जिना उतरली. तेवढ्यात डॉक्टरांनी मुलीला दिवा धरायला आत बोलावलं.

आणि तेव्हाच संगीत थांबलं. “नमस्कार, आपलं नाव सांगाल का?”

फोनच्या सर्वांत जवळ बसलेल्या गृहस्थांच्या जबड्याला नुकतंच इंजेक्शन दिलं होतं. ते उठले आणि फोनवर वाकून जे बोलले त्यात एकही व्यंजन नव्हतं. हेल्पलाइनवरच्या मुलाने पुन्हा विचारलं. गृहस्थांनी आणखी जोर लावला आणि हनुवटीवरून लाळ आली. आरोग्य योजनेच्या फोनवर बसणाऱ्याला असे आवाज नवे नसावेत. तो म्हणाला, “काका, सावकाश. घाई नाही. मी फोन ठेवत नाही.”

आजोबांनी खिडकी उघडून खाली इस्त्रीवालीला हाक मारली. ती दोन-दोन पायऱ्या चढत वर आली. नाव सांगितलं, कार्डाचा नंबर सांगितला, नवा मोबाइल नंबर दोनदा सांगितला. मुलाने लिहून घेतलं, कार्ड सुरू झाल्याचं सांगितलं, आणि अदबीने विचारलं, “पेशंट तेच काका का? त्यांची काळजी घ्या.”

“घेते,” ती म्हणाली. गृहस्थ रुमालाने तोंड पुसत होते. फोन ठेवल्यावर ती त्यांच्याच शेजारच्या खुर्चीत बसली आणि बराच वेळ उठलीच नाही. काउंटरवरच्या मुलीने पाणी दिलं ते तिने एका दमात संपवलं. इस्पितळाच्या कारकुनालाही तिथूनच फोन केला. हो, दिसतंय यंत्रात, तो म्हणाला, सकाळी उपाशीपोटी घेऊन या.

खाली येऊन तिने सासूला सगळं सांगितलं. सासूने ऐकलं, पदराने डोळा टिपला आणि पाणी येतं हल्ली म्हणून मोतीबिंदूवर ढकललं. मग तिला गठ्ठे दिसले. नीट नाही, पण रंगांचे ढीग दिसत होते तेवढे.

“पट्टी किती दिवस ठेवतात?”

“सुटेल लवकर. पण वाकायचं नाही, धूर नाही, वाफ नाही.”

“मग घड्या कोण घालणार?”

“कुणी नाही. लोक हँगरवर नेतील.”

“आणि बँकेवाला?”

“तो सध्या बोलत नाही आपल्याशी.”

सासू खुदकन हसली, चार दिवसांत पहिल्यांदा. सुनेने इस्त्रीचा प्लग काढला, उद्याची पिशवी भरायला घेतली, आणि सासूचं धुतलेलं लुगडं इस्त्री न करताच पिशवीत घातलं.