लांब गेलेला चेंडू

नांदूरघाटाजवळच्या डोंगरमाथ्यावर गोल्फचा पहिलाच चेंडू मी एका शेळीला मारला. तिची मालकीण आता भांडणार म्हणून मी स्टिक पाठीमागे लपवली. पण ती कपाळावर आडवा हात धरून खाली रस्त्याकडेच बघत होती. तिची लेक ऊसतोडीला गेली होती आणि टोळीचा ट्रक त्याच रस्त्याने परतणार होता.

रोज तेच. खाली धूळ उठली की ती उभी राहायची. ट्रक दुसराच निघाला की पदर सावरून बसायची. मी गवतात चेंडू शोधत फिरायचो. एकदा वैतागून विचारलं, "मावशी, चेंडू कुठं गेला, बघितलात का?"

रस्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "माझी लेक पोटासाठी लांब गेली. तुमी सोताच्या हातानं लांब हाणता, आन् मग हुडकत बसता. डोकं ठिकानावर हाय का तुमचं?"