आधीचा चेहरा

"ही आधी. आणि ही नंतर."

पार्लरच्या मॅडम दारातल्या फ्लेक्सवर बोट ठेवून दाखवत होत्या. समोर भातसानगरच्या कॉलनीतल्या तीन बायका. मागे मी, तिथं कामाला, टॉवेल पिळत. 'आधी'खाली माझा चेहरा. 'नंतर'खाली मॅडमच्या भाचीचा. वर ठळक अक्षरात, व्हिटॅमिन सी सीरम.

मला कुणी विचारलं नव्हतं. नवा कॅमेरा आणला तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, "उभी राहा गं, चालतो का बघू." मी हसले. "हसू नको," म्हणाल्या. तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

एक बाई माझ्याकडे वळली. "अय्या, ही तर तुमच्याकडचीच!"

"हो ना," मॅडम म्हणाल्या. "पण ह्या शेतातल्या बायकांच्या कातडीला बाटली नाही पुरत. बादली लागेल."

चौघी हसल्या. मी टॉवेल पिळत राहिले. पिळायला पाणी उरलं नव्हतं तरी.

मी सापगावची, पार्लर शहापुरात. भातकापणीच्या उन्हात गालांवर वांग आलेले. आईच्याही आहेत. आमच्यात कुणी त्यांना नावं ठेवत नाय.

बाजाराच्या दिवशी आई शहापुरात आली. फ्लेक्ससमोर थांबली. आत आलीच नाय. घरी गेल्यावर हळूच म्हणाली, "तुला काय रोग झालाय गो? बोर्डावर लावलाय तो."

मला रडू आलं नाय. रागानं अंग तापलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या गावातलीच एक पोरगी पार्लरात आली. लग्न ठरलेलं. "मॅडम, परवडेल असं, पण खरंच गुण येईल असं सीरम द्या."

मॅडमनी काचेच्या कपाटातली बाटली काढली. कपाटावर रोज दुपारचं ऊन यायचं. आतलं सीरम चहासारखं झालेलं. "हेच घे. बाहेर फोटो बघितलास ना?"

मी पुढे झाले.

"नको घेऊ गो. खराब झालंय ते. रंग बदलला तर वापरू नये, असं खोक्यावरच लिवलंय. मेडिकलात साधं मिळतं, गडद बाटलीतलं, लहान. पाण्यासारखं असलं तरच घे. आधी हाताला लावून बघ. आणि फोटोतली ती मी हाय. एक थेंब लावला नाय मी. दुसरी त्यांची भाची."

पोरगीनं बाटली खाली ठेवली.

"उद्यापासून येऊ नकोस!" मॅडम ओरडल्या.

"उद्या कशाला? आताच चालले."

बाहेर येऊन फ्लेक्सच्या दोऱ्या सोडल्या. एक गाठ सुटेना. दातानं तोडली.

"अगं, माझा फ्लेक्स!"

"चेहरा माझा हाय."

भर बाजारातून तो गुंडाळून घेऊन गेले. थांबले नाय.

पुढे मी स्वतःसाठी मेडिकलातलं साधं सीरम आणलं. वांग थोडे फिके झाले, गेले नाय. लावायचं की नाय, ते मी ठरवते. पण माझी कातडी लाजेची गोष्ट म्हणून कुणाला दाखवू देणार नाय. ना दुकानात, ना लग्नाच्या बैठकीत. ज्यानं बोट उचललं, त्याचा हात तिथंच धरीन.