बाबांची अकरा खडपं

लिनक्स नावाच्या मोफत, मोकळ्या संगणक-प्रणालीची पहिली सीडी मला एका संगणक-मासिकाबरोबर फुकट मिळाली, आणि त्या सीडीनं माझ्या डोक्यात जे घर केलं ते अजून रिकामं केलेलं नाही. नवं शतक नुकतंच सुरू झालं होतं. कणकवलीत एका संगणक वर्गात मी शिकवत होते, आणि वर्गातल्या यच्चयावत यंत्रांवर नेहमीची चोरीची प्रणाली होती. चोरीची आहे हे मालकाला, मला आणि पोरांनाही माहीत होतं, कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. मला वाटायला लागलं. हातात एक राजरोस, सगळ्यांच्या मालकीची गोष्ट असताना चोरी का करायची?

पहिल्याच रविवारी वर्गातल्या एका यंत्रावर ती सीडी चढवली, एका प्रश्नाला न वाचता ‘हो’ म्हटलं आणि त्यावरचं सगळं पुसून टाकलं. त्यात मालकाच्या मेव्हणीच्या लग्नाचे फोटो होते. मालक आठवडाभर माझ्याशी ‘हं’ आणि ‘ऊं’ एवढंच बोलले. पण चटक लागली ती लागलीच.

मग मी प्रचाराला निघाले. पर्समध्ये कंगवा नसला तरी चार सीड्या असायच्याच. दातांच्या डॉक्टरांना दिली, तालुक्याच्या कचेरीतल्या कारकुनाला दिली, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईंनाही दिली. त्यांच्या घरी संगणक नव्हता हे नंतर कळलं. लोकांची अडचण एकच होती. फुकट मिळतंय म्हणजे त्यात काहीतरी खोट असणार! दोडामार्गाहून येणारी माझी एक विद्यार्थिनी तोंडावर म्हणाली, “मॅडम, फुकट आसा तर मगे कायतरी भानगड आसतलीच.”

त्यावर मी उत्तर शोधून काढलं आणि स्वतःवरच खूश झाले. मी तोंडवलीची, रापणकराची मुलगी. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडीतून ते समुद्रात कमानीसारखं सोडतात, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर आणतात आणि दोन्हीकडून माणसं ओढत बसतात. त्यात एक जुना रिवाज आहे. दोराला ज्यानं हात लावला त्याला वाटा. मग तो वाडीतला असो की वाट चुकलेला पाहुणा, दोन बांगडे का होईना, रिकाम्या हाती त्याला कुणी पाठवत नाही. “लिनक्स म्हणजे रापण,” मी वर्गात फळ्यावर होडी काढून सांगायचे. “जगभरातली माणसं दोर ओढतायत आणि वाटा सगळ्यांना.” पोरं माना डोलवायची. मला वाटायचं, गड जिंकला.

शनिवारी कणकवली डेपोतून आचऱ्याची गाडी पकडून मी घरी जायचे. एका शनिवारी आईनं विचारलं, “तुझी ती चकचकीत तबकां आणखी आसत काय गो?” मी हरखलेच. पुढच्या आठवड्यात शेजारच्या काकीनं सीड्या मागितल्या, मग तिच्या जावेनं, मग आख्ख्या वाडीनं. आमच्या वाडीत संगणक एकही नव्हता, पण माझी अक्कल तेव्हा कुठे गहाण पडली होती कोण जाणे. मी कणकवलीत बसून सीड्यांमागून सीड्या उतरवल्या. क्रांती गावातूनच येणार असं मी मालकांनाही सुनावलं. शनिवारी पिशवी भरून घेऊन गेले, तर वाडीभर अंगणाअंगणांत सुकत घातलेली सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणि त्यांच्यावर दोऱ्या बांधून माझ्या सीड्या उन्हात लखलखतायत. “कावळे येनत नाय गो,” आई कौतुकानं म्हणाली. तिसऱ्या आठवड्यात एक कावळा त्याच दोरीवर बसून सीडीत स्वतःचं तोंड न्याहाळताना मी पाहिला, तेव्हा तीही मोहीम संपली.

बाबा या सगळ्याला हसायचे. ते आमच्या रापणीचे तांडेल, म्हणजे जाळं कधी, कुठे सोडायचं हे ठरवणारे. आणि ते ठरवणं सोपं नव्हतं, कारण आमच्या समुद्रात खडपं आहेत. खडप म्हणजे पाण्याखालचा खडक. काठावरून दिसत नाही, पण जाळं त्यात अडकलं की फाटतं आणि मोसमाची वाट लागते. कुठलं खडप कुठे आहे हे बाबांना पाठ होतं. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आल्या, तिसरी एका बाजूला उघडी पडली, की खाली खडप. अशी अकरा खडपं. कागदावर एकही नाही. रिवाजानं ती मुलाला सांगायची, आणि बाबांना मुलगा नव्हता. मी होते, पण बायका होडीत जात नाहीत म्हणून मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

मग बाबांच्या डोळ्यांना काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलं तेवढं परत येणार नाही, उरलं ते सांभाळा.  घरी आल्यावर आई मला बाजूला घेऊन म्हणाली, देवळाचा कळस त्यांना धड दिसत नाही आता.  खुणा दिसेनाशा झाल्या की खडपंही गेली. ती बाबांबरोबर जाणार, आणि मी जगाला ज्ञान वाटत फिरणार!

त्याच सुमारास मला नवं वेड लागलं होतं. जगभरातले हौशी लोक मिळून इंटरनेटवर एक मोकळा नकाशा काढत होते, ज्याला वाटेल त्यानं भर घालावी, ज्याला हवा त्यानं वापरावा. मी हातात मावणारं, उभं राहू ती जागा नोंदवणारं एक जीपीएस यंत्र मागवलं आणि रविवारचे रविवार ते घेऊन तोंडवलीत फिरले. पाणंदी, विहिरी, पिठाची गिरणी सगळं नकाशावर चढवलं. लोकांना वाटलं, मी सरकारी सर्वेला लागले. एका आजोबांनी तर कुंपणाची तक्रारही लिहून घ्यायला लावली. जमीन झाली, आता राहिला समुद्र.

“बाबा, तुमची खडपं द्या. नकाशावर घालते.”

बाबा जाळ्याला टाके घालत होते. वर न बघता म्हणाले, “कोणाक दिसतला ता?”

“सगळ्यांना. तेच तर!”

“मोठ्या बोटवाल्यांक पण?”

 अकरांतल्या दोन खडपांच्या आजूबाजूला मोसमात मासा गोळा होतो हे मलाही माहीत होतं. तिथे मोठी यांत्रिक जाळी येऊन बसली तर वाडीला शेपटीही उरली नसती.

“तुझो नकाशो बघूक दोर ओढूचो लागता काय?”

“नाही.”

“मगे?” बाबांनी सुई खाली ठेवली. “रापण रापण करून पोरांक शिकवतंस. दोर ओढता त्येका वाटो. काठार हुबो ऱ्हवता त्येका नाय.”

माझीच उपमा माझ्याच गळ्यात! मी चिडले. रागाच्या भरात म्हणाले, “मग ठेवा तुमच्यापाशी. तुमच्याबरोबरच जाऊ देत.” बोलून गेले आणि जीभ चावली. बाबांनी पुन्हा सुई उचलली. त्यानंतरचे दोन शनिवार मी घरी गेलेच नाही, कामाचं निमित्त सांगितलं. काम काही नव्हतं. लाज वाटत होती.

तिसऱ्या शनिवारी गेले तर बाबा घरी नव्हते. “पलीकडल्या वाडयेर गेलेत,” आई म्हणाली. मला वाटलं चुकून ऐकलं. पलीकडच्या वाडीची रापण वेगळी, आणि जाळं कुणी आधी सोडायचं यावरून आमचं त्यांचं मी शाळेत असल्यापासून वाकडं. लग्नकार्याला जाणं नाही की मयताला नाही. पण झालं होतं असं, की त्यांच्या तांडेलानं, तिशीतला असेल तो, आदल्या सोमवारी जाळं सोडलं ते नेमकं एका खडपावर. जाळं मधोमध फाटलं. त्याला ते खडप माहीत नव्हतं. त्याचा बाप गोव्यात नोकरीला, कधी होडीत पाय न ठेवलेला. सांगणारं कुणी उरलंच नव्हतं.

मी तिकडे गेले. झाडाखाली फाटकं जाळं पसरलेलं, भोवती त्यांची दहा-बारा माणसं, आणि मधोमध आमचे बाबा सुई चालवत बसलेले. डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त.  ते सोमवारपासून रोज जात होते म्हणे.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, “उद्या सकाळी होडयेर चल. तुझा ता यंत्र घेवन ये.”

आईचा हात भाताच्या टोपातच थांबला. “बायलमाणूस होडयेर?”

“ती बायलमाणूस नाय. सर्वेवाली आसा,” बाबा म्हणाले.

सकाळी बाबा, त्यांचा एक जुना सोबती वल्ह्यावर, आणि यंत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मी. रापणकराची मुलगी म्हणून कणकवलीत किती फुशारक्या मारल्या होत्या! पहिल्या खडपापाशी पोचायच्या आधीच मी सकाळचे पोहे समुद्राला परत केले. सोबतीकाका हसून हसून वल्हं विसरले. बाबा मात्र किनाऱ्याकडे डोळे बारीक करून बघत होते. “देवळाचो कळस आनि मागचो वाकडो माड. सांग, एका रेषेत इलो काय?”

मी पाहिलं. कळस होता. माड नव्हता. “बाबा, वाकडा माड कुठे आहे?”

“तो पडलो. धा वर्सां झाली,” काका म्हणाले.

म्हणजे बाबा एवढी वर्षं नसलेल्या माडाच्या खुणेवर होडी चालवत होते. मला एकदम रडू आलं. उलटीच्या निमित्तानं तेही खपून गेलं.

खुणा मी बघायच्या आणि सांगायच्या, बाबांनी “आणखी थोडा, हां, थांब” म्हणायचं, आणि मी यंत्राचं बटण दाबायचं, असं आम्ही दुपारपर्यंत फिरलो. नऊ झाली. “ही नऊ नुसती अडकणारी,” बाबा म्हणाले. “ती सगळ्यांक सांग. जाळा कोणाचाच फाटूचा नाय. बाकीची दोन, मासो जमता ती, मी दाखवतंय, पण ती नकाशार नाय. ती दोर ओढणाऱ्यांका, तोंडान सांगूची.” मी “बरं” म्हटलं. माझ्या एवढ्या वर्षांच्या प्रचारातली ही गाळलेली ओळ, वाटा दोर ओढणाऱ्याला, मला आमच्याच होडीत सापडायची होती.

नवव्या खडपावरून होडी मात्र बाबांनी लगेच हलवू दिली नाही. तेच ते, ज्यानं पलीकडच्यांचं जाळं फाडलं होतं.

“ह्या माका कोणी दाखयल्यान म्हायती आसा?” ते म्हणाले. “पलीकडल्या त्या तांडेल झिलाच्या आज्यान. मी तेव्हा नवो. माका होडयेत घेवन इलो आनि खुणा दाखवल्यान. मगे भांडान झाला, तो गेलो. त्येंच्यात सांगणारो कोण नाय ह्या माका दिसत होता. आनि मी गप ऱ्हवलंय.”

 काकांनी वल्हं पाण्याबाहेर धरलं होतं, त्यावरून थेंब गळत होते.

“तुझ्या नकाशार देणाऱ्याचा नाव घालतत मां?”

“घालतात.”

“तर ह्येका माझा नको. त्येच्या आज्याचा घाल.”

कणकवलीत परतल्यावर पहिलं काम ते केलं. आठ खडपं बाबांच्या नावानं, एक त्या आज्याच्या. वर्गाच्या छपाईयंत्रावर नकाशाची प्रत काढली आणि पुढच्या शनिवारी बाबांनी ती स्वतः पलीकडे नेऊन दिली. काय बोलले ते मला कधीच सांगितलं नाही. आईलाही नाही, आणि आईपासून काही लपवणं आमच्या घरात सोपं नाही.

त्यांचं जाळं शिवून पुरं झालं त्यानंतरचा पहिला रविवार. मी अंगणात बसून कुणाचा तरी बिघडलेला कीबोर्ड खोलत होते. बाबा पलीकडच्यांच्या रापणीवर गेले होते, दोर ओढायला. दोर ओढायला कळस दिसावा लागत नाही. अकराच्या सुमारास परतले ते दोन्ही हातांत माशांच्या दोन माळा घेऊन. एक त्यांनी आईच्या पुढ्यात ठेवली. दुसरी माझ्या पुढ्यात, कीबोर्डच्या सुट्या बटणांवरच.

“ह्यो माझो वाटो. आनि ह्यो तुझो. त्येंनीच काडून ठेवलो.”

“माझा कसा? मी कुठे त्यांच्या दोराला हात लावला?”

बाबा पाय धुवायला विहिरीकडे वळले होते. तिकडूनच म्हणाले, “लायलंस गो.”